इंजिन पुसणाऱ्याची लेक

मंडळातले लोक तिला काजळीताई म्हणत. हे नाव घड्याळवाल्या काकांनी ठेवलं, आणि ठेवताना त्यांचा हेतू काही फारसा शुद्ध नव्हता. हुबेहूब छोट्या रेल्वेगाड्या बनवायची हौस असलेल्यांचं ते मंडळ, आणि त्यात एकजात पुरुष. कुणी रूळ जोडण्यात पटाईत, कुणी विजेच्या तारांत. बाईमाणूस आली म्हणजे डोंगरावर झाडं लावेल, फार तर तळ्याला निळा रंग देईल, अशी सगळ्यांची समजूत. हिनं पहिल्याच बैठकीत काकांचा नवाकोरा मालडबा मागून घेतला आणि पुढच्या बैठकीला परत आणला, तेव्हा काकांना तो ओळखेना. बिजागऱ्यांखाली गंज ओघळलेला, छपरावर धुराचा थर, खालच्या कडेला वाळलेल्या चिखलाचे शिंतोडे, आणि एका फळीचा रंग बाकीच्यांपेक्षा वेगळा, म्हणजे ती मोडली होती आणि कुणीतरी घाईत दुसरी ठोकली होती. काकांनी भिंग लावून डबा उलटासुलटा पाहिला. "ताई, तुम्ही माझ्या डब्याचं पार वाटोळं केलंत," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ त्यांनी तो डबा हातातून खाली ठेवला नाही.

तेव्हापासून कुणाचंही नवं इंजिन आलं की ते आधी तिच्या टेबलावर जायचं. घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला लागून तिचं ते टेबल. त्यावर चिमटे, दात कोरायच्या सुया, केस कापून आखूड केलेले ब्रश आणि झाकणं लावलेल्या लहान लहान डब्या. एकीत दिव्याची काजळी, एकीत विटेची पूड, एकीत वस्त्रगाळ राख, एकीत खऱ्या कोळशाचा चुरा. प्लास्टिकचा कोळसा तिला चालत नसे. घरात राहणारी आत्या, म्हणजे तिच्या वडिलांची धाकटी बहीण, येताजाता नाक मुरडायची. "लोक घरातली घाण बाहेर टाकतात. आमची बाई बाहेरची घाण चिमट्यानं उचलून घरात आणते," असं ती शेजारणीला ऐकवायची, आणि शेजारीण गेली की हळूच येऊन नव्या इंजिनाकडे टक लावून बघायची.

पोटापाण्याला ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या पुरवणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये तिची सगळी हयात गेली. तिथं नवीन आलेली मुलं पांढरेशुभ्र दात घडवत. असली कवळी लावून म्हातारं माणूस हसलं की खोली उजळायची, पण फसायचं कुणी नाही. "खोटा दात खरा दिसायला हवा असेल, तर त्याला थोडा चहा पाजावा लागतो," असं ती त्यांना सांगे, आणि दाताच्या मुळाशी पिवळट छटा, मधे केसाएवढी चीर, कडेला डाग, असं भरत जाई. कोरं ते खोटं आणि डागाळलेलं ते खरं, ही गोष्ट तिच्या हाडीमाशी खिळली होती. तिच्या हाताला यश आलं ते त्याच गोष्टीमुळे, आणि ती तिला चांगलीच भोवली तीही स्वतःच्याच घरात.

तिचे वडील वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये इंजिनं पुसत. शेडमध्ये लागलेला प्रत्येक जण आधी पुसायलाच लागतो. मग भट्टीत कोळसा टाकणारा फायरमन होतो, मग ड्रायव्हर. वडिलांच्या बरोबरीचे सगळे असेच वर गेले. हे मात्र डोळ्यांच्या तपासणीत अडकले. तांबडा आणि हिरवा त्यांना सारखाच दिसे, आणि ज्याला सिग्नलचा रंग कळत नाही त्याच्या हाती गाडी कोण देणार? म्हणून पहिल्या पायरीवर उभे राहिले ते निवृत्त होईपर्यंत तिथंच. संध्याकाळी इंजिन धुरानं, राखेनं, तेलानं माखून शेडमध्ये यायचं. हे रॉकेलात भिजवलेला सुताचा बोळा घेऊन त्याला भिडायचे. सकाळी ते चकचकीत होऊन बाहेर पडायचं, आणि संध्याकाळी पुन्हा होतं तसंच दारात उभं. गवंड्याची भिंत मागे उरते, सुताराची खुर्ची उरते. ह्यांनी रात्रभर केलेलं काम दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंतही टिकायचं नाही. उरलं ते फक्त त्यांच्या छातीत साठलं. आता त्यांनी अंथरूण धरलं होतं, जिना सोडा, खोलीतून मोरीपर्यंत जायचं तरी वाटेत दोनदा टेकावं लागे. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आत जे बसलंय ते आता निघणार नाही. त्रास कमी करू. पण फार दिवस आहेत असं मी म्हणणार नाही."

ह्या माणसानं तिचं काम कधी पाहिलं नव्हतं. पाहायला नकार दिला होता असंही नाही. तिनं काजळीची डबी उघडली की त्यांना बाहेर काहीतरी काम आठवायचं. छातीला त्रास होत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. पण मनात सल होताच. मंडळातले लोक तोंडात बोटं घालायचे, परगावाहून माणसं इंजिनं घेऊन यायची, आणि ज्यानं आयुष्यभर खरी इंजिनं हातानं चाचपली तो माणूस त्याच घरात राहून तिच्या टेबलापासून दूर पळायचा. तिला त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं की हे बरोबर आहे, असंच असायचं. डॉक्टरांचं बोलणं ऐकल्यापासून तर तिला दुसरं काही सुचेना.

भिंतीवर एकच फोटो होता. शेडमधली सगळी माणसं एका इंजिनासमोर ओळीनं उभी, आणि वडील अगदी कडेला, अर्धे चौकटीबाहेर. तेच इंजिन तिनं घडवायला घेतलं. त्या जातीचं तयार मॉडेल मिळालं, पण फोटोतल्या इंजिनाशी ते जुळेना. तिनं त्याचं धुराडं कापून टाकलं आणि पितळेच्या नळीचं नवं बसवलं. बॉयलरच्या अंगाला चिकटूनच ओतलेल्या जाड कठड्यांच्या रेघा तासून काढल्या, केसाएवढी भोकं पाडली आणि त्यांतून बारीक पितळी तार ओवून खरेखुरे कठडे उभे केले. ड्रायव्हरच्या दाराखालची पायरी फोटोत वाकलेली होती, तशी वाकवली. दिवा अडकवायचा एक आकडा तिरका होता, तो तिरका केला. नंबराची पाटी पितळेच्या पत्र्याची कापून लावली. खाली पाट घेऊन त्यावर शेडचा कोपरा उभारला. राख झाडायचा खड्डा, ओल चढलेली विटांची भिंत, पाण्याचा वाकडा नळ, एक उपडी बादली आणि तिच्याजवळ चिंध्यांचा ढीग. चिंध्यांसाठी तिनं धागे एकेक करून पिळले. मग इंजिनावर काजळी चढवली. आजवर इतकी सुंदर काजळी तिच्या हातून उतरली नव्हती. धुराड्यामागे दाट, पुढे विरळ होत गेलेली. वाफेच्या झडपांखाली पांढुरके ओघळ. चाकांवर तेलात भिजलेली धूळ.

शेवटी वॉर्निशचा फवारा मारावा लागतो, नाहीतर पूड बोटाला लागते. ही गोष्ट मंडळातल्या कालच्या पोरालाही ठाऊक असते. पण त्या वासानं वडिलांना धाप लागली असती, गच्चीवर जाऊन मारावा तर वारा सुटलेला होता, आणि तिला दम धरवेना. उद्या मारू म्हणून तिनं पाट तसाच उचलला आणि वडिलांच्या खोलीत नेला.

"बाबा, बघा कोण आलंय."

वडील उशांना टेकून बसले होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि इंजिनाच्या अंगावरचा नंबर ओठांतल्या ओठांत वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं की तिला वाटलं, झालं, आपण जिंकलो. त्यांनी हात पुढे केला. मग तो मधेच थांबला.

"हे असं कुणी केलं?"

"मी केलं. तुमचंच आहे, बाबा. फोटोतलं."

"माझं?" त्यांनी हात मागे घेतला. "माझं इंजिन असं कधी बाहेर पडलं नाही."

"अहो, पण खरी इंजिनं अशीच तर..."

"मग मी तिथं काय करत होतो?"

आवाज चढवायला त्यांच्यात दम नव्हता. साधंच विचारल्यासारखं विचारलं, आणि भिंतीकडे तोंड केलं.

ती स्वयंपाकघरात आली ती रागातच. एवढं जीव ओतून केलं, त्याचं हे फळ. आत्या भांडी पुसत होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं.

"तुला खरंच कळलं नाही?" आत्या म्हणाली. आज तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "मी लहान होते तेव्हा रात्रपाळी करून आला की झोपायचा नाही. मला घेऊन पुलावर जायचा. गाडी खालून निघाली की म्हणायचा, बघ, तोंड दिसेल त्यात. एवढंच त्याचं कौतुक. बाहेर कुणी विचारलं की रेल्वेत आहे म्हणायचा, पुढचं सांगायचा नाही. आणि तू त्याच्यासमोर काय नेऊन ठेवलंस? त्यानं जन्मात एक दिवससुद्धा काम केलं नाही, असं सांगणारं इंजिन."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आयुष्यभर खरं ते डागाळलेलं असं धरून चालली होती. पण तो डाग रोज काढणारा माणूस आपल्याच घरात बसलाय आणि त्याच्या डोळ्यांदेखत आपण तो रोज चढवतोय, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांना बाहेर कामं का आठवायची ते तिला आता कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन उचलायला त्या खोलीत जायचंही तिच्या जिवावर आलं. ते वडिलांच्या उशाशी स्टुलावर तसंच राहिलं, आणि ती कामाला गेली. संध्याकाळी परत आली तर आत्या दारातच.

"आत जाऊन बघ. पण ओरडू नकोस."

वडील मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. वर्तमानपत्रावर इंजिन. त्यांच्या जुन्या बनियनचा एक तुकडा त्यांनी बोटाभोवती गुंडाळला होता, आणि बॉयलरची डावी बाजू काळीभोर चमकत होती. एवढ्या दिवसांची मेहनत, हातची सगळ्यात चांगली काजळी, एका चिंधीत निघून गेली होती. वॉर्निश मारलं असतं तर! हे मनात आलं आणि तेवढ्यात तिनं वडिलांचा चेहरा पाहिला. कपाळाला आठी घालून, ओठ आत घेऊन, ते धुराड्याच्या बुडाशी बोट फिरवत होते. कित्येक महिन्यांत तिनं त्यांना एवढं गुंग झालेलं पाहिलं नव्हतं.

"हात लावू नकोस," ते वर न बघता म्हणाले. "उजवी बाजू व्हायचीय अजून. किती मळवून ठेवलंय कुणी."

"मळवणारी नालायकच आहे, बाबा."

"असू दे." ते थोडं थांबले, श्वास घेतला. "तिला म्हणावं, चाकांच्या मागं जरा कमी भरत जा. तिथं बोट जात नाही."

तिला हसू आलं आणि त्याबरोबरच डोळे भरून आले. ती काहीतरी निमित्त काढून बाहेर गेली.

इंजिन पुसून झालं. वडिलांनी ते खिडकीच्या उजेडात धरून दोन्हीकडून पाहिलं आणि खाली ठेवलं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड, जेवणाला नको, बोलायला नको. आत्या ताट तसंच परत घेऊन आली. "पुसायला काही राहिलं नाही ना त्याला," ती म्हणाली.

ते ऐकून लेक इंजिन घेऊन आपल्या टेबलाशी बसली. डबी उघडली आणि थबकली. आत्याही मागोमाग येऊन उभी राहिली होती. "तीच धूळ पुन्हा त्याच्या नाकात घालणार?" आत्यानं विचारलं, आणि ते खरंच होतं. मग तिनं कवळीचे रंग कालवतात तशी एका फरशीच्या तुकड्यावर काजळी घेतली, तेलाचा थेंब टाकला आणि चांगली घोटली. आता ती उडायची नाही, मेणचट होऊन अंगाला चिकटून बसायची. आजवर तिनं काजळी चढवली ती बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी. ह्या वेळी ती पुसणाऱ्याच्या बोटांचा विचार करत होती. कुठं फडकं सहज फिरेल, कुठं जरा अडेल, कुठं चकाकी चटकन वर येईल. चाकांच्या मागं तिनं कमी भरलं.

"बाबा, गाडी आली शेडला."

वडिलांनी मान वळवली. आधी इंजिनाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आपण त्यांचं मन लहान पोरासारखं रमवतोय असं वाटून त्यांचा अपमान झाला तर, अशी तिला भीती वाटली. मग उशीला रेटा देत उठून बसायला लागले.

"फडकं कुठं ठेवलंस?"

तेव्हापासून हेच सुरू झालं. संध्याकाळी ती इंजिन मळवून आणायची आणि वडील ते पुसायचे, जसं जमेल तसं, थांबत, श्वास घेत. "आज कुठून?" असं ते विचारायला लागले. तीही ठोकून द्यायची. आज घाट चढून, आज भर पावसातून, आज सिमेंटची मालगाडी ओढून. "सिमेंट म्हणे," वडील करवादायचे. "सिमेंट असं बसतं होय? हे तर कुणीतरी पीठ सांडलंय." आत्या दारातून म्हणायची, "मग भाकऱ्या थापू का त्याच्या?" आणि वडील हसायचे, हसता हसता खोकायचे, आणि दोघी घाबरून धावायच्या.

पुसता पुसता ते बोलायचे. आधी चाकांचे दांडे पुसायचे, कारण ड्रायव्हर तेल घालायला तिथं आधी हात घालतो. फडकं सरळ रेघेत ओढायचं नाही, कमानीत फिरवायचं, म्हणजे उजेडात ओरखडे दिसत नाहीत. नंबराची पाटी सगळ्यात शेवटी. कुणीतरी त्यांचं बोलणं ऐकायला बसलंय, हेच त्यांच्या बाबतीत पहिल्यांदा घडत होतं. एकदा त्यांनी आपण होऊनच विषय काढला.

"तुझ्या टेबलाशी मी येत नव्हतो, त्याचा राग होता ना तुला?"

"होता," ती म्हणाली.

"तू किती हौसेनं करायचीस. मला बघवायचं नाही. वाटायचं, उठून पुसून टाकावं सगळं. मग लोकांनी तुझं नुकसान केलं म्हणून मला धरलं असतं."

"मला नवंकोरं खोटं वाटतं, बाबा."

"मला कुठं नवंकोरं मिळालं कधी? मला मिळालं ते मळलेलंच." त्यांनी फडक्याची बाजू बदलली. "म्हणून तर काम होतं."

मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं तसे घड्याळवाले काका एका संध्याकाळी घरी आले. शेडचा तो कोपरा बघून त्यांचा जीवच त्यावर जडला. इंजिनाची एक बाजू मळलेली, एक चकचकीत, आणि मधे फडकं फिरत असलेलं बघून ते गोंधळले. "ताई, हे आहे तसं ठेवून ह्याच्यावर आजच्या आज वॉर्निश मारा आणि मला द्या. बाकी सगळ्यांची तोंडं बंद होतील," त्यांनी बाहेर येऊन कुजबुजत सांगितलं.

"काका, ते इंजिन रिकामं नाही. ते कामावर आहे."

काका समजूतदार माणूस. पुन्हा प्रदर्शनाचं नाव त्यांनी काढलं नाही. पुढच्या वेळी आले ते घड्याळाच्या काचा पुसायच्या मऊ चामड्याचा एक तुकडा घेऊन. वडिलांनी तो गालाला लावून पाहिला. "शेडमध्ये असलं काही मिळालं असतं तर आम्हीसुद्धा असेच मऊ राहिलो असतो," ते म्हणाले. पण पुसायला त्यांनी बनियनचाच तुकडा वापरला. चामडं उशाखाली जपून ठेवलं.

दिवसामागून दिवस इंजिनात एक फरक पडत गेला, तो आधी तिच्याच नजरेला आला. नंबराच्या पाटीच्या कडा, धुराड्याचा ओठ, कठड्यांची वळणं, जिथं जिथं त्यांचं बोट रोज जायचं तिथला रंग विरत चालला होता आणि खालचं पितळ किंचित दिसू लागलं होतं. असली झीज तिला कुठल्याही पुडीनं, कुठल्याही ब्रशानं कधी साधली नव्हती. ती माणसाच्या हाताचीच होती. वडिलांच्या कामातलं काहीतरी पहिल्यांदाच मागे उरत होतं. हे तिनं त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रंग खराब केला म्हणून त्यांनी हात आखडता घेतला असता.

मग त्यांची बोटं मंदावली. एक बाजू व्हायलाही संध्याकाळ पुरेना. नाकाला प्राणवायूची नळी आली. तिनं गुपचूप काजळी कमी करायला सुरुवात केली, तर ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. "आज गाडी फिरलीच नाही वाटतं?" ते म्हणाले. "मला फसवू नकोस. जशी येते तशी आण." तिनं पुन्हा पहिल्यासारखी भरून आणली. आत्या म्हणाली, "अगं, झेपत नाही त्याला आता." तिलाही ते दिसत होतं. पण कमी भरलं की ते दुखावत आणि पूर्ण भरलं की दमत, आणि ह्या दोहोंमधलं कुठलं बरं ते तिला ठरवता येत नव्हतं. ती टेबलाशी बसून नुसतीच रडायची, आणि मग डबी उघडायची.

त्या संध्याकाळी तिनं इंजिन नेऊन त्यांच्यासमोर धरलं. "बाबा, गाडी आली."

त्यांनी कुठून आली ते विचारलं नाही. नंबरापासून चाकांपर्यंत, चाकांपासून धुराड्यापर्यंत नजर फिरवली. हात पांघरुणावरच राहिला.

"अशीच यायची," ते म्हणाले. मधे श्वासासाठी थांबले. "दारातून आत येताना अगदी अशीच दिसायची. बरोबर केलंयस."

हेच ऐकायला ती इतकी वर्षं आसुसली होती. आणि आता ते कानावर पडलं तर तिला ते नको होतं. त्यांनी फडकं मागावं, खोड काढावी, चाकांच्या मागं किती भरलंस म्हणून तणतणावं, एवढंच तिला हवं होतं. ती इंजिन तसंच धरून उभी राहिली.

"दुसऱ्या पाळीला कोण आहे?" वडिलांनी विचारलं.

ते शुद्धीत बोलत होते की भ्रमात, ते तिला कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांवरूनही कळेना.

"मी आहे."

"हात दाखव."

तिनं इंजिन स्टुलावर ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. नखांत तेलकट काजळी बसलेली होती, बोटांच्या पेरांत काळ्या रेघा होत्या. त्यांनी तिचे हात उलटे करून पाहिले, सुलटे करून पाहिले. मग पांघरुणाखालून बनियनचा तो तुकडा काढला, तिच्या तळव्यावर ठेवला आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटली.

"सकाळी बाहेर काढायचंय," ते म्हणाले.

ती पलंगाच्या कडेला बसली आणि पुसायला लागली. आधी दांडे, मग बॉयलर, कमानीत. वडिलांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते झोपले नव्हते. फडक्याचा बारीक आवाज ते ऐकत होते, कारण एकदा तिचा हात जरा भराभर चालला तर त्यांची भुवई हलली. दारात आत्या येऊन उभी राहिली आणि तोंडाला हात लावून तशीच मागे फिरली. लेकीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, हनुवटीवरून इंजिनावर पडत होतं, आणि ती तेही पुसत होती. हात थांबवता येत नव्हता. थांबला असता तर त्यांना ऐकू आलं असतं.

"झालं, बाबा."

"चाकांच्या मागं?"

"केलं."

"मग ठीक."

त्यानंतर त्यांनी इंजिन मागितलं नाही. एकदा सोपवलेल्या कामाची पुन्हा चौकशी करायची त्यांची रीत नव्हती. ती मात्र रोज संध्याकाळी ते मळवायची आणि त्यांच्या पलंगाशी बसून रोज स्वतःच पुसायची, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. ते गेले सकाळी, आत्या चहा घेऊन आत येत असताना. इंजिन उशाशी उभं होतं, स्वच्छ, खिडकीचा उजेड अंगावर घेऊन. ते त्यांच्या लेकीनं पुसलेलं होतं.